दोन वाजता डावी कूस

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

यात अमावस्या नाही, स्मशान नाही, पिंपळही नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. बाहेर ऊन रणरणत होतं, शेजारच्या ओट्यावर कुणीतरी शेंगा फोडत बसलं होतं, आणि घराचं दार सताड उघडं होतं.

ही ऐकीव गोष्टही नाही. जिच्यावर बेतली ती आमच्या नात्यातली. शिवप्रिया तिचं नाव. वय अठ्ठावीस. दवाखान्यात नर्स होती. तिनं हे सगळं एकदाच सांगितलं, मान खाली घालून. शेवटी म्हणाली, "कुणाला सांगायचं तर सांगा. पण माझी बाजू घेऊ नका."

म्हणून इथं तिची बाजू घेतलेली नाही.

धाराशिव जिल्हा, उमरगा तालुका, मुरूमच्या अलीकडचं एक लहानसं गाव. दोन वर्षांपूर्वीचा वैशाख. पण सुरुवात त्याआधी तीन महिने झाली होती, माघात.

शिवप्रिया ज्या दवाखान्यात होती त्याचं नाव सांगत नाही. वीस खाटा, एक डॉक्टर, आणि दुपारच्या पाळीला दोन नर्स. एक खाली ओपीडीत अडकलेली. म्हणजे वर वीस खाटांना एकटी शिवप्रिया.

जो पेशंट स्वतः हलू शकत नाही, त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. हा नर्सिंगचा अगदी पहिला धडा. नाहीतर अंगाच्या वजनानं पाठीची कातडी मरते. आधी लाल होते, मग काळी पडते, मग आतपर्यंत सडत जाते. कूस बदलली की खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर वेळ लिहून सही करायची. कॉलेजात शिवप्रिया यात पहिली आली होती.

दवाखान्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टरनी तिला वेगळं शिकवलं. पाळी सुरू झाली की आधी सगळा तक्ता भरून टाकायचा. दोन वाजता डावी कूस. चार वाजता उजवी. सहाला पाठ. आठला परत डावी. सह्यांसकट. मग काम जसं जमेल तसं.

"सगळ्याच करतात गं. नाहीतर लिहीत बसशील का पेशंट बघशील?"

आणि खरंच, सगळ्याच करत होत्या.

माघात सात नंबरच्या खाटेवर नागूबाई आली. येरमाळ्याकडची. वय सत्तरीचं. अर्धांगाचा झटका आलेला. उजवी बाजू पूर्ण गेलेली, वाचा गेलेली. अंगानं चांगली भरलेली बाई. तिला एकटीनं वळवायचं म्हणजे कमरेचा काटा ढिला व्हायचा.

डावा हात तेवढा चालत होता. त्यात एक पितळी कडं होतं. काही हवं असलं की ती ते कडं खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायची.

टण्... टण्... टण्...

"आले, आले," शिवप्रिया टेबलावरूनच म्हणायची. आणि जायची नाही.

एकदोनदा विसरली असती तर माणूस समजून घेईल. पण ती नऊ दिवस गेली नाही. तक्ता रोज दोन वाजता भरला जायचा, सुबक अक्षरात. नागूबाई पाठीवरच पडून असायची. कडं वाजायचं. शिवप्रिया पंख्याचा वेग वाढवायची.

नवव्या दिवशी वास आला...

चादर उचलली तर माकडहाडावर तळहाताएवढी काळी जखम. विष रक्तात गेलं होतं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी नागूबाई गेली.

डॉक्टरांनी तक्ता मागवला. उलटून पालटून पाहिला. "तक्ता व्यवस्थित आहे. या वयात कातडी टिकत नाही," म्हणाले, आणि विषय मिटला.

नागूबाईचा मुलगा बलभीम हायवेला चहाचं हॉटेल चालवायचा. रोज संध्याकाळी हॉटेल दुसऱ्यावर सोपवून आईपाशी यायचा. तेराव्यानंतर तो मुद्दाम दवाखान्यात आला. येडेश्वरीचा प्रसाद आणला होता. शिवप्रियाच्या पायाला हात लावायला वाकला.

"सिस्टर, तुमी लई केलं आईचं. दोन-दोन तासाला बगत व्हता. म्या वाचलंय त्या तक्त्यात सगळं."

शिवप्रियानं प्रसाद घेतला. तिला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

हे झालं माघात.

वैशाखात तिची आई पडली.

आईचं नाव शिवकांता. शिवप्रिया तिला अव्वा म्हणते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, अव्वा गावी एकटीच राहायची. न्हाणीत पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला दाखवलं. हृदय अशक्त, ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले. सहा आठवडे पडून राहायचं. मग बघू.

शिवप्रियानं बिनपगारी रजा टाकली आणि गावी आली. एसटीतून उतरतानाच तिनं मनाशी ठरवलं होतं. आता एक वेळ चुकवायची नाही. एकसुद्धा नाही.

तिनं ते पाळलं, हे ती आजही छातीवर हात ठेवून सांगते.

सोप्यात सागवानी पलंग होता, त्यावर अव्वाला घेतलं. पाठीवर झोपू द्यायचंच नाही असं ठरलं. दोन तास डावी कूस. मग उजवीकडे नुसतं कलतं, खाली उशी देऊन, म्हणजे मोडक्या हाडावर भार नको. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. चादरीला एक सुरकुती नको. कूस बदलताना पाठ पुसायची, कोरडी करायची, पावडर लावायची. चमच्यानं पाणी पाजायचं. ओल्या कापसानं ओठ पुसायचे. आधी हात धुवायचे, नंतर परत धुवायचे.

आणि सगळं झाल्यावरच लिहायचं. त्यासाठी तिनं एक शंभरपानी वही केली होती. पेनाला तिनं कधी कामाच्या आधी हात लावला नाही.

पहिले दोन दिवस नीट गेले. अव्वा कौतुकानं म्हणाली, "शिवू, लई हलका हात हाय गं तुजा."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तिनं अव्वाला डाव्या कुशीवर घेतलं. पाठीमागं उशी लावली. सकाळच्या चादरीवर चहा सांडला होता म्हणून ती काढून धुतलेली निळी चादर घातली. पेलाभर पाणी पाजलं. वहीत लिहिलं. मागच्या अंगणात कपडे धुवायला गेली.

चार वाजता परत आली...

अव्वा पाठीवर होती.

सरळ. दोन्ही हात अंगालगत.

उशी कोपऱ्यात उभी करून ठेवलेली, सकाळी होती तशी.

"अव्वा, तू वळलीस कशी? हाड सरकंल की गं!"

अव्वानं तिच्याकडे पाहिलं. ओठ कोरडे पडून फुटले होते.

"कुठं गेल्तीस शिवू? सकाळधरनं एकदा बी आली न्हाईस..."

शिवप्रियाला वाटलं, उन्हानं अव्वाचं डोकं फिरलं असेल. म्हातारी माणसं विसरतात. तिनं अव्वाला वळवायला हात खाली घातला, आणि थांबली.

खाली चहाचा डाग असलेली चादर होती.

निळी चादर कपाटात घडी घातलेली होती. पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला होता.

वहीत मात्र तिचं अक्षर होतं. दोन वाजता डावी कूस. चादर बदलली. पाणी पाजलं.

सकाळच्या नोंदीही जागच्या जागी होत्या. लिहिलेलं राहिलं होतं. केलेलं राहिलं नव्हतं.

 तिनं अव्वाला पुन्हा वळवलं, चादर पुन्हा बदलली, पाणी पुन्हा पाजलं. आणि पलंगाशीच बसून राहिली. अर्धा तास काही झालं नाही. चूल पेटवायला म्हणून ती आत गेली. दोन मिनिटं, फार तर तीन.

आतून तिला आवाज आला...

टण्... टण्...

लोखंडावर पितळ.

तो पलंग सागवानी होता. साऱ्या सोप्यात लोखंडाची एक दांडी नव्हती. आणि अव्वाच्या हातात कडं नव्हतं. खुबा मोडला तेव्हाच हातातलं सगळं काढून ठेवलं होतं.

ती धावत बाहेर आली. अव्वा पाठीवर. चहाचा डाग. भरलेला पेला.

त्या दिवसापासून हेच चालू झालं. तिनं करायचं आणि ते नाहीसं व्हायचं. समोर बसलं की टिकायचं. नजर हलली की गेलं. आणि नजर किती वेळ हलवायची नाही? माणसाला डोळा लागतो. माणसाला परसाकडं जावं लागतं.

अव्वा तर शपथेवर सांगायची की पोरगी जवळच येत नाही.

शेजारच्या शिवगंगाकाकू रोज संध्याकाळी भाकरी-आमटी घेऊन यायच्या. अव्वा त्यांच्यापाशी रडायची. "पोरगी हात लावीना गं मला. दुसऱ्याच्या मढ्याला हात लावती, आईची किळस येती तिला."

काकूंनी शिवप्रियाला दारात गाठलं.

"व्हय गं, नर्स हाईस ना तू? दिवसभर त्या वहीत काय लिवत बसतीस? जरा आईकडं बग की."

शिवप्रियाला तिथंच गळा काढून रडावंसं वाटलं. सांगणार काय आणि कुणाला?

पाचव्या दिवशी माकडहाडावर लाली आली. बोटानं दाबलं तरी फिकी होईना. ही खूण तिला पाठ होती.

तिला एक युक्ती सुचली. दोन वाजता तिनं मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून पलंगाकडे लावला. रेकॉर्डिंग सुरू केलं. मग अव्वाला वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली, उशा दिल्या, पाणी पाजलं. मोठ्यानं बोलतही होती. "हे बघ अव्वा, दोन वाजलेत. मी तुला डाव्या कुशीवर घेतीय." बारा मिनिटं. मोबाईल बंद केला आणि तिथंच लावून पाहिला.

बारा मिनिटांचं चित्र होतं.

पलंगावर अव्वा पाठीवर पडलेली. बाजूला उघडं दार. दारातलं ऊन.

दुसरं कुणी नव्हतं.

शिवप्रिया त्यात कुठंच नव्हती. तिचा आवाजही नव्हता. पंख्याची घरघर तेवढी. सातव्या मिनिटाला अव्वानं मान दाराकडे वळवली आणि म्हणाली, "कुणी हाय का?" मग थोडं थांबून पुन्हा, "शिवू?"

आणि मग...

टण्... टण्... टण्...

दहाव्या मिनिटाला पंखा जोरात फिरू लागला. कुणीतरी वेग वाढवल्यासारखा.

शिवप्रियानं ते चित्र पुसून टाकलं. आता वाटतं ठेवायला हवं होतं, म्हणते. पण तेव्हा तिला ते घरात नको होतं.

सातव्या दिवशी लाली काळी पडली. आठव्या दिवशी कातडी फाटली. असं इतक्या लवकर कधी होत नाही.

तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. ते मोठ्या मनानं गाडी घेऊन स्वतः आले. अव्वाला कुशीवर करून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला.

"किती दिवस पाठीवर आहे ही बाई?"

"सर, पाठीवर नाहीच. दर दोन तासांनी वळवतेय. एक वेळ चुकवली नाही." तिनं वही पुढं केली. 

डॉक्टरांनी वही उघडली. एकसारखं सुबक अक्षर. सगळ्या वेळा बरोबर. त्यांनी ती मिटून तिच्या हातात परत दिली. आवाज चढवला नाही, उलट हळूच म्हणाले, "सिस्टर, हे मला दाखवू नका. मीसुद्धा दवाखाना चालवतो."

इंजेक्शनं लिहून दिली. दवाखान्यात हलवू का विचारलं तर नको म्हणाले, वाटेतच जाईल.

ते गेल्यावर शिवप्रियानं बलभीमला फोन लावला.

सगळं सांगितलं. तक्ता कसा भरला, नऊ दिवस कशी गेली नाही, सगळं. पलीकडे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. 

मग त्यानं एकच विचारलं, "आई कडं वाजवत व्हती का?"

"हो."

"आन् तुमाला ऐकू येत व्हतं?"

"...हो."

"माजी माफी मागू नका, सिस्टर. म्या तुमच्या पाया पडलोय." आणि त्यानं फोन ठेवला.

आता एकच उपाय उरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता ती स्वतःच पलंगावर चढली. अव्वाला डाव्या कुशीवर घेतलं आणि पाठीमागं उशीच्या जागी स्वतः आडवी झाली. दोन्ही हातांनी तिला कवटाळून धरलं. आपलं अंग मध्ये असल्यावर अव्वा पाठीवर जाणार कशी? वही तिनं लांब फडताळात टाकली होती. लिहायचंच नाही. डोळे मिटायचे नाहीत. हलायचं नाही.

अव्वाच्या अंगाचा ताप तिच्या छातीला लागत होता. जखमेचा वास नाकात बसला होता. तिनं तोंड फिरवलं नाही. ती बोलत राहिली. लहानपणीचं, मुरूमच्या बाजाराचं, काहीही. डावा हात अव्वाच्या खाली चिरडून बधिर झाला, तरी काढला नाही.

तीन वाजले.

चार वाजले.

आवाज आला. या वेळी कानापाशी...

टण्...

अव्वाचा डावा हात पलंगाच्या फळीवर आपटत होता. कड्याविना मोकळा हात. लाकडी फळी. आवाज लोखंडाचा.

"अव्वा, मी हितंच हाय. मी धरलंय तुला. बघ की, ह्यो माझा हात."

अव्वा दाराकडे बघत होती.

"शिवू..." ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "कवाधरनं बोलावतीय गं. पाठ जळतीय माजी. एकदा तरी ये की."

"अव्वा, मी आलीय! मी तुज्या पाठीशीच हाय!"

"येती म्हणती... आन् येत न्हाय..."

शिवप्रिया ओरडून ओरडून सांगत राहिली. अव्वाच्या कानाला तोंड लावून सांगितलं. अव्वाचा हात फळीवर आपटत राहिला. हळूहळू आपटणं कमी झालं. मग थांबलं. शिवप्रियानं मिठी सोडली नाही.

इथपर्यंत तिनं सांगितलेलं.

पुढचं शिवगंगाकाकूंचं. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हेत.

काकू सहा वाजता भाकरी घेऊन आल्या. दार उघडंच होतं. पलंगावर अव्वा पाठीवर पडलेली होती. एकटी. दोन्ही हात अंगालगत, डोळे दाराकडे. अंग कधीच गार झालेलं. पेला काठोकाठ भरलेला.

आणि शिवप्रिया समोरच्या भिंतीला टेकून खुर्चीत बसली होती. मांडीवर वही होती.

ती लिहीत होती. दोन वाजता डावी कूस. चार वाजता डावी कूस. सहा वाजता डावी कूस.

काकूंनी हाक मारली तेव्हा तिनं मान वर केली आणि विचारलं, "काकू, मी इकडं कशी आले?"

गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. मातीला लोक आले, पण तिच्याशी कुणी बोललं नाही. दवाखाना तिनं सोडला. आता सोलापूरला एका कपड्याच्या दुकानात उभी राहते. आजारी माणसाला हात लावत नाही. हात लावला तरी त्याला कळणार नाही, म्हणते.

खरं काय ते कुणास ठाऊक. त्या दुपारनंतर तिचा डावा हात आठ दिवस खांद्यापासून बधिर होता. हे काकूंनाही माहीत आहे, डॉक्टरांनीही तपासलं आहे. वजनाखाली तासन् तास दबल्याशिवाय असं होत नाही, असं तेच म्हणाले.

पण ज्या एका माणसाला हे कळायला हवं होतं, ती तर दाराकडं बघतच गेली. लेक आली नाही, असंच म्हणत गेली.